आक्काने आणून दिलेली पुडी

सकाळी माझी बोटं वळायची नाहीत. बाजाराला न्यायच्या मेथीच्या जुड्या बांधताना सुतळीची गाठसुद्धा बसेना. तेव्हा आक्का, माझी थोरली बहीण, पुड्या घेऊन आली. पंचवटीत तिचे व्याही औषध द्यायचे, त्यांच्याकडच्या.

"झाडपाल्याचं हाय. मधातून चाट," ती म्हणाली.

थोड्याच दिवसांत बोटं मोकळी झाली. गाल भरले, तोंड गोल झालं. बाजारातल्या बायका म्हणायच्या, "काय गं, या वयात बाळसं धरलंस!" पुडी चुकली की अंग गळून जायचं, म्हणून मी ती कधी चुकवली नाही.

एकदा टोमॅटो बांधताना फांदी डोळ्याला लागली. ती नेहमीच लागते. पदराचा बोळा करून फुंकरीने शेकला की बरं होतं. या वेळी मात्र डोळा पुवाने चिकटला आणि बुबुळावर पांढरा डाग पसरत गेला.

डॉक्टरांनी डोळा पाहिला, मग माझा गोल चेहरा पाहिला. "कुठलं औषध चालू आहे?" मी पिशवीतून पुडी काढून दिली. ते म्हणाले, यात स्टेरॉइडच्या गोळ्या कुटून घातलेल्या असणार. त्याने दुखणं दबतं, पण अंगाची जंतूंशी लढायची ताकदही दबते. "एरवी हा जंतू असा माजला नसता. तुमच्या डोळ्यात त्याला अडवायला कोणी नव्हतं." आणि अंगाला सवय लागल्याने ते औषध एकदम बंदही करता येईना. ज्याने घात केला तेच गोळीतून घेत हळूहळू कमी करायचं होतं.

तासातासाला थेंब घातले. बुबुळ वाचलं, त्या डोळ्याची नजर गेली.

आक्का दवाखान्यात आली. मी सगळं सांगितलं. मला वाटलं, ती ऊर बडवून घेईल.

"हळू बोल," ती म्हणाली.

"तुला ठाऊक होतं?"

"लेकीनं सांगितलं व्हतं. त्यांच्या घरात कुणी घेत नाय ती."

"आणि मला देत राहिलीस?"

"तुला गुण येत व्हता ना! आन् लेक दिलीय मी त्या घरात. व्याह्याच्या औषधाला मीच नावं ठेवू? तिला नांदवतील का ते? कुणी विचारलं तर फांदी लागली म्हण. खोटं नाय ना ते."

आई गेल्यावर माझी वेणी हिनेच घातली होती. मी तिला कधी उलट बोलले नव्हते. विचारणाऱ्यांना फांदी लागली एवढंच सांगितलं.

पुढे भाचीच्या डोहाळजेवणाला एक बाई आक्काजवळ बसली. तिची बोटं सुजलेली होती. "तुमच्या व्याह्यांची पुडी मिळंल का हो?"

"मिळंल की. हिलाच विचारा, कसा गुण आला."

मी डोळ्यावरचा पदर मागे घेतला आणि म्हणाले, "हे बघा. घेऊ नका."

भाची आजही त्याच घरात नांदते आहे. आक्का मात्र माझ्या दारात येत नाही. नातेवाइकांत सांगते, सख्ख्या बहिणीनं दगा दिला.