घोडीला ढेकर येत नाही
घरी घोडी आली तेव्हा अख्ख्या सौंदडला वाटलं, ही माणसं आता शेती सोडून वरातींना घोडी देत फिरणार. शेती सोडून कोणाचं पोट भरलंय! धान घरात आलं की उन्हाळाभर हाताला काम नसतं, म्हणून नवऱ्यानं लग्नसराई धरली एवढंच. घोडी पांढरी, अंगानं भरलेली आणि स्वभावानं माझ्यापेक्षा पुष्कळ गरीब. तिचं सगळं माझ्याकडंच आलं. खूर उचलून आकड्यानं आतली घाण काढायची, खरारा करायचा, लीद पाहायची.

हो, लीद पाहायची. गोंदियाला जनावरांच्या डॉक्टरांनी घोडेवाल्यांचं शिबिर घेतलं, त्या दिवशी नवऱ्याला नेमकी वरात होती, म्हणून मी गेले. सगळे पुरुष, आणि मी पदर खोचून सगळ्यांत पुढं. डॉक्टर म्हणाले, घोड्याला ओकता येत नाही, ढेकरही देता येत नाही. आत गेलेलं मागूनच बाहेर यायला पाहिजे. मला हे फार पटलं. घरी सांगितलं तर सासरे हसले.

माझे सासरे बैलांचे जाणते. कोणाच्या बैलाचं पोट फुगलं की त्यांना बोलावणं यायचं. बांबूची नळी, तिच्यात तेल, हिंग, ओवा. बैलाचं तोंड वर करून नळी घशात रिकामी करायची, की ढेकर येऊन पोट उतरायचं. त्यांच्या हाताला यश होतं, मी नाही म्हणत नाही. पण त्यांच्या लेखी जनावर म्हणजे जनावर.

मग गोंदियातल्या एका व्यापाऱ्याकडची वरात आली. त्यांच्यात नवरदेव घोडीवर बसला की बहिणींनी घोडीला भिजवलेली चण्याची डाळ चारायची रीत आहे. सख्खी बहीण एकटी असती तर निभलं असतं. तिच्यामागं चुलत, मावस, आत्ये, मग वहिन्या, मग ‘हमारे हाथ से भी’ म्हणत शेजारणी. लग्नघरी नाही कोणाला म्हणायचं? माझा नवरा लगाम धरून उभा राहिला आणि डाळीची परात रिकामी झाली.

दुसऱ्या दिवशी सकाळी घरी ठाणावर लीद नव्हती. घोडी मान वळवून स्वतःच्या कुशीकडं बघत होती, पुढच्या पायानं माती उकरत होती. मग आडवी पडून लोळायला लागली. तिला उठवून कुशीला कान लावला. एरवी आत गुडगुड चाललेली असते, आज काहीच नाही. पुढ्यात चाऱ्याला टाकलेली तणीस उचलून फेकली आणि डॉक्टरांना फोन लावला. ते लांब दरेकसा गावाकडं होते. म्हणाले, ‘निघतो. तोवर खायला देऊ नका, हळूहळू फिरवा. आणि तोंडातून काही म्हणजे काही पाजू नका. फुप्फुसात गेलं तर घोडी हातची जाईल.’

फोन ठेवून वळते तर सासरे नळी भरून उभे. अंगणात अर्धा मोहल्ला जमलेला.

‘मामाजी, पाजू नका.’

‘काऊन?’

‘डॉक्टर नाही म्हणून राहिले.’

‘डाक्टर येईपर्यंत मरून जाईन थे. बाजूले हो.’

नवऱ्यानं दोर धरलेला. एकदा बापाकडं बघे, एकदा माझ्याकडं. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं, अशी त्याची गत. मामाजींनी घोडीचा जबडा वर केला, तशी मी पुढं झाले आणि नळी हिसकून घेतली. सगळं तेल माझ्या साडीवर.

‘हा बैल नाही, मामाजी! घोडीले ढेकर येत नाही!’

एवढ्या माणसांत मी ओरडले. कोणीतरी बाई ‘अगे माय वं!’ म्हणाली. मामाजींचा चेहरा पडला. ते छपरीत जाऊन बसले.

मला त्या वेळी वाईट वाटलं नाही. राग होता आणि भीती होती. घोडी गेली तर जन्मभर माझ्या नावानं शंख होणार, हे ठाऊक होतं. म्हाताऱ्याचं ऐकलं असतं तर वाचली असती, हेच सगळे म्हणणार.

आम्ही तिला आळीपाळीनं फिरवत राहिलो. डॉक्टर आले तेव्हा ऊन डोक्यावर होतं. त्यांनी इंजेक्शन दिलं, नाकातून पोटापर्यंत लांब नळी घातली, ती पोटातच गेली आहे ना ते नीट तपासलं आणि मग तेल सोडलं. ‘आता लीद पडली की जिंकलो,’ म्हणाले. मामाजी छपरीतून डोळे बारीक करून पाहत होते.

ऊन कललं तरी काही नाही. देवाला मी काय काय बोलले ते इथं लिहीत नाही. मग घोडी चालता चालता थांबली, शेपटी उचलली आणि लीद पडली. मी तिथंच अंगणात रडले. लीद पाहून रडणारी बाई गावानं पहिल्यांदाच पाहिली असेल.

मामाजी उठून आले. वाकून एक गोळा उचलला, तळहातावर फोडला, वास घेतला. मला वाटलं, आता सगळ्यांपुढं माझी हजेरी घेणार. ‘मोकळी झाली,’ एवढंच म्हणाले. जनावराबद्दल त्यांनी कधी कोणाला काही विचारलेलं मी ऐकलं नव्हतं. त्यांनी हात धोतराला पुसला आणि माझ्याकडं न बघता विचारलं, ‘पाणी कितीक पाजू, बाई?’