काकूंच्या बेडरूमपर्यंत कोण गेलं?

मंडळी, दुपारचा प्रकार अजून डोक्यातून जात नाहीये.

मी नौपाड्यात घरांचं इंटिरियर करते. माझ्या जुन्या लॅपटॉपला थ्रीडी डिझाइन झेपत नाही, म्हणून कुठेतरी दूर असलेला भाड्याचा कॉम्प्युटर इंटरनेटवरून, ब्राउझरमधून वापरते. आज एकट्या राहणाऱ्या एका काकूंना त्यांच्याच घराचं नवं डिझाइन दाखवत होते. अचानक स्क्रीनवरचं दृश्य आपोआप सरकायला लागलं. दारातून आत, हॉल ओलांडून थेट बेडरूममध्ये. खिडकीपाशी थांबलं.

"अगं, तूच फिरवतेयस ना?" काकूंनी विचारलं.

माझे दोन्ही हात मांडीवर होते.

"नेटचा प्रॉब्लेम आहे, काकू," म्हणत मी टॅब बंद केला. नंतर फाईल उडवली, पासवर्ड बदलला. पण त्या भाड्याच्या कॉम्प्युटरमध्ये शिरून ज्याला बघायचं होतं, त्याने घर बघून घेतलंय.

काकू आत्ता त्याच घरात एकट्या आहेत. त्यांना खरं सांगू का?