साखरपुड्याला मी समोरच बसले

लग्नाला चार वर्षं झाली होती. लोणी काळभोरच्या एका कॉलेजात मी अर्थशास्त्र शिकवायचे आणि मांजरीहून स्कूटरवर जायचे-यायचे. सासर शेतकऱ्यांचं. थोडा ऊस उरलेला, बाकी जमिनीवर इमारती उभ्या राहिलेल्या. त्या उन्हाळ्यात सकाळी उठलं की माझी बोटं आखडलेली असायची. डब्याचं झाकण निघेना, ब्लाउजचे हूक लागेनात. मग ताप यायला लागला, केसांचे पुंजके कंगव्यात दिसू लागले. एका रविवारी दुपारभर शेतात उभी राहिले, तर दुसऱ्या दिवशी दोन्ही गालांवर आणि नाकावर लालभडक चट्टा उमटला. तो गेलाच नाही.

जवळच्या डॉक्टरांनी आधी व्हायरल म्हटलं, मग रक्त कमी आहे म्हटलं, मग म्हणाले, "मॅडम, टेन्शन घेऊ नका." तोवर मी घेतलं नव्हतं.

शेवटी नवऱ्याने पुण्यातल्या संधिवाताच्या तज्ज्ञांकडे नेलं. त्यांनी रिपोर्ट पाहिले, चष्मा काढला आणि म्हणाले, "ल्युपस आहे."

"बरा होईल ना?"

"नाही. आटोक्यात राहील. बरा करतो म्हणणारा कुणी भेटला तर मला कळवा. दवाखाना बंद करून त्याच्याकडे शिकायला जातो."

कित्येक महिन्यांनी मी मोठ्याने हसले. मग त्यांनी नीट समजावलं. जंतूंशी लढणारी शरीराची यंत्रणा स्वतःच्याच पेशींवर उलटते. सांधे, कातडी, कधी मूत्रपिंडसुद्धा. ऊन टाळायचं, तपासण्या वेळेवर करायच्या, मनाने गोळी बंद करायची नाही. "आणि हे तुमच्या चुकीमुळे झालेलं नाही. कुणी तसं म्हणालं तर त्यांना माझ्याकडे पाठवा."

पाठवायचं ठरवलं असतं तर बस करावी लागली असती. कुणी म्हणे देवाचं काही राहिलंय, कुणी म्हणे वांगी सोड. नवऱ्याच्या मावसभावाने काढा आणून दिला, तो मी त्याच्यासमोरच मोरीत ओतला. त्याला राग आला. मला त्या दिवशी बरं वाटलं.

सासूबाईंचं मात्र मला लागलं. त्यांनी माझा टॉवेल वेगळ्या दोरीवर टाकायला सुरुवात केली होती. मी सरळ विचारलं, "आई, टॉवेल वेगळा का?"

"लागतंय म्हणत्यात लोक."

"लागत नाही." मी त्यांना डॉक्टरांसारखंच समजावलं. त्यांनी भाजी निवडता निवडता ऐकून घेतलं.

"म्हंजी राखणीचं कुत्रंच घरच्यांना चावाय लागलंय म्हण की."

"अगदी तसंच."

"मग ठिवायचं कशाला? मारून टाकायचं."

"मारलं तर चोर येतील, आई. बांधून ठेवायचं. गोळ्या म्हणजे साखळी."

संध्याकाळी माझा टॉवेल सगळ्यांच्या दोरीवर होता.

पुढे दिवाळीनंतर नणंदेचा साखरपुडा ठरला. मुलगा खराडीत सॉफ्टवेअर कंपनीत. आदल्या दिवशी चुलत सासूबाई मला बाजूला घेऊन म्हणाल्या, "सूनबाई, उद्या तू आत सैपाकाकडं बघ. पाव्हण्यांनी तुजं त्वांड बघितलं तर नाट लागंल. घरात काय तरी रोग हाय म्हणतील."

नवरा शेजारीच उभा होता. तो हळूच म्हणाला, "एका दिवसाचा तर प्रश्न आहे."

त्या बाईंचं मला काही वाटलं नाही. याचं वाटलं. मी म्हटलं, "अहो, मी चोरी केलेली नाही. उद्या मी बाहेर बसणार. तुम्हाला लाज वाटत असेल तर स्वयंपाकाकडे तुम्ही बघा."

दुसऱ्या दिवशी मी हिरवी पैठणी नेसले, पूर्ण बाह्यांचं ब्लाउज घातलं, उन्हाचं क्रीम लावलं. चट्ट्यावर पावडर थापली नाही. अंगणात मांडव होता. खुर्ची सावलीत ओढून घेतली आणि पहिल्या रांगेत बसले. मुलाची आई बराच वेळ माझ्याकडे बघत होती. शेवटी तिने विचारलं, "चेहऱ्याला काय झालंय हो?"

"उन्हानं, उन्हानं!" चुलत सासूबाई घाईने म्हणाल्या.

"ल्युपस नावाचा आजार आहे," मी म्हटलं. "संसर्ग होत नाही. औषध चालू आहे."

"आनुवंशिक असतो का?"

नणंदेने मान खाली घातली.

"थोडीफार शक्यता असते. पण मी या घरची सून आहे, माझं रक्त माझ्या माहेरचं. तुम्ही मागणी घातलीय ती यांच्या मुलीला. मला नाही."

नवरा मुलगा फिस्सकन हसला आणि आईने बघताच खोकला. तेवढ्यात पेढ्यांचं ताट घेऊन सासूबाई पुढे आल्या.

"माज्या सुनंनं खरं ते सांगितलं. आता तुमच्या घरात काय हाय ते बी सांगा. मग पेढं वाटू."

मुलाच्या वडिलांनी शाळेतल्यासारखा हात वर केला. "मला शुगर आहे. पण पेढा घेणार."

साखरपुडा झाला, लग्नही झालं. नवऱ्याने त्या रात्री माफी मागितली. मी लगेच दिली नाही.

आजार काही माझ्या बाणेदारपणाला घाबरला नाही. दोन वर्षांनी तो मूत्रपिंडावर गेला. दवाखान्यात राहावं लागलं, जास्त कडक औषधं सुरू झाली, तोंड सुजून गोल झालं. कामावर परत गेले तर प्राचार्यांनी खुर्ची दिली, चहा मागवला आणि म्हणाले, "आता घरी आराम करा. तुमच्या तब्येतीसाठीच सांगतोय."

"तब्येतीचं मी आणि माझे डॉक्टर बघतो, सर. तुम्ही वेळापत्रक बघा. सकाळचा पहिला तास मला जमणार नाही, बोटं उघडायला वेळ लागतो. आणि मैदानावरची ड्यूटी नको. बाकी सगळं शिकवीन."

ते कुरकुरले, पण वेळापत्रक बदललं. आता मी दुपारी शिकवते, खुर्चीत बसून. खिडक्यांचे पडदे ओढून घेते. यंदा पहिल्याच दिवशी एका मुलीने विचारलं, "मॅडम, तुम्ही आजारी आहात का?"

"हो," मी म्हटलं. "पान बारा उघडा."