बोर्डावर तीस मिनिटं

किस्से गोळा करायचे असतील तर माणसाला काहीच करावं लागत नाही. लसीकरण केंद्राच्या दारात टेबल टाकून बसलं की झालं! कोरोनाच्या लसीचे ते महिने मी तसा बसलो होतो. पोर्टलवर डोसची नोंद व्हायची, किस्स्यांची कुणी केली नाही. त्यामुळं ते सगळे आमच्याच डोक्यात साचले. अजूनही त्या टीमपैकी दोघं जण भेटलो की ‘ते आठवतं का’ सुरू होतं आणि चहा गार होतो.

टीम म्हणजे आम्ही तिघंच. रेणापूर तालुक्यातल्या एका गावात मी जिल्हा परिषदेच्या शाळेत मास्तर. केंद्रही त्याच शाळेत. पहिलीच्या वर्गात मी आणि लॅपटॉप, नावं चढवायला. दुसरीच्या वर्गात सुई घेऊन सुनंदा सिस्टर, मूळच्या देगलूरच्या आणि बोलायला फटकळ. तिसरीच्या वर्गात गावच्या आशा कार्यकर्त्या रुक्मिणबाई. लस घेतलेल्या माणसाला त्यांच्यासमोर अर्धा तास बसवायचं, काही त्रास होतो का बघायचं. भिंतीवर माझ्याच अक्षरातला बोर्ड होता: ‘लस घेतल्यावर तीस मिनिटे थांबावे.’

चौथा माणूस केंद्रात नव्हता, माझ्या घरी होता. माझे वडील, आप्पा. त्यांची सगळी उमर लातूरच्या मोंढ्यात, धान्याच्या बाजारात गेली. पोत्यात सळई खुपसून तळातली तूर काढायची, तळहातावर पसरायची आणि म्हणायचं, "वरून लई चांगली दिसायलीय, म्हणूनच शंका येते."

आप्पांना दमा. आदल्या लाटेत त्यांचे मोंढ्यातले दोन जोडीदार आठ दिवसांच्या आत गेले. तेव्हापासून आप्पा नुसते खोकले तरी मी हातातलं टाकून त्यांच्याकडं धावायचो. मी गावभर लस द्यायला निघालो होतो आणि घरातला माणूस तसाच! रोज सकाळी मी म्हणायचो, "आप्पा, चला ना." ते रोज म्हणायचे, "शंका फिटली की येतो. वढू नको मला."

*

पहिल्या दिवशी तालुक्याहून खबरदारी म्हणून ॲम्ब्युलन्स आली. ड्रायव्हरनं ती शाळेच्या फाटकातच लावली. लोक लांबून यायचे, गाडी बघायचे आणि शेताकडं वळायचे. अकरा वाजेपर्यंत एकही नाव चढलं नाही.

शेवटी एक आजोबा धीर करून टेबलापर्यंत आले. "मास्तर, किती जणांला नेलं?"

"कुणालाच नाही, आजोबा. गाडी नुसती तयार ठेवलीय."

"कशासाठी तयार ठेवलीय?"

आता याला काय सांगायचं! सिस्टर आतून ओरडल्या, "ती गाडी आधी शाळेच्या मागं न्या!"

नेली. दुपारनंतर पंधरा-वीस माणसं आली, मला बरं वाटलं. तेवढ्यात तेच आजोबा परत फाटकात उभे. रिकाम्या जागेकडं बघत त्यांनी सगळ्यांना ऐकू जाईल असं विचारलं, "मघाशी हितं गाडी होती. कुणाला घिऊन गेली?"

*

बाटलीत दहा जणांची लस असायची. एकदा उघडली की चार तासांत संपवायची, नाहीतर वाया. म्हणून दहा माणसं जमली की मगच सिस्टर ती उघडायच्या.

एके दिवशी नऊ जण जमले आणि दहावा येईना. नऊ जण बाकावर बसून एकमेकांच्या कानाला लागले. "दहाच कशाला लागतात? नऊ का चालत न्हाईत?" मी हिशेब समजावला. त्यांनी माना डोलावल्या आणि पुन्हा कुजबुज सुरू केली.

मग त्यातले तिघं उठून बाहेर गेले आणि पाच मिनिटांत दहावा माणूस धरूनच घेऊन आले. बिचारा लग्नाच्या पत्रिका वाटायला मोटारसायकलवर गावात शिरला होता! पण माणूस सरळ. म्हणाला, "घ्यायची तर हायच, हितंच घेतो." मी त्याचं नाव चढवलं.

त्या नऊ जणांतला एक हळूच माझ्याजवळ आला. "मास्तर, पयली त्येला द्या."

"का हो? तुमचा नंबर पहिला आहे."

"असू द्या. तो आपल्या गावचा न्हाई."

*

ओटीपीनं माझा सगळ्यात जास्त घाम काढला. एक मावशी होत्या. मोबाईलवर नंबर आला तसा त्यांनी मोबाईल छातीशी धरला.

"मावशी, नंबर सांगा."

"न्हाई सांगत. बँकेचा मानूस म्हनलाय, सख्ख्या भावाला बी सांगायचा न्हाई."

"हा बँकेचा नाही, लसीचा आहे. आणि मी काय परका आहे? तुमच्या दोन्ही पोरांना मीच शिकवलं."

"म्हनून तर! तुमच्या ध्यानात आकडे ऱ्हातात."

शेवटी मी तोंड फिरवून बसलो आणि मावशींनी स्वतः एका बोटानं लॅपटॉपवर नंबर टाकला. लस घेऊन, अर्धा तास बसून त्या परत टेबलापाशी आल्या. म्हणाल्या, "आता त्यो पुसा. माझ्यासमोर."

*

वीटभट्टीवर तेलंगणातली आठ-दहा माणसं होती. ती आली तेव्हा रांगेत बुजून उभी होती. आमच्या सिस्टर देगलूरच्या, म्हणजे तेलंगणाच्या वेशीवरच्या, तेलुगू त्यांच्या जिभेवर. त्या बाहेर आल्या, दोन-चार वाक्यं बोलल्या. ती माणसं खळखळून हसली आणि एकामागं एक आत गेली.

झालं! मागच्या रांगेत चुळबुळ. एक तरणाबांड गडी पुढं आला. "सिस्टर, त्येन्ला काय सांगितलं?"

"तुम्हाला सांगते तेच. बाही वर करा, भिऊ नका."

"मग ते हसले कशाला? आमाला का न्हाई सांगितलं ते?"

"सांगू? मी म्हणलं, मागं सगळी मराठी मंडळी उभी हायत, अन् ती तुमच्यापेक्षा जास्त भ्यालीत."

त्या गड्यानं तिथंच बाही वर केली.

*

या सगळ्या कुजबुजीवर उपाय म्हणून मी मोबाईलवर गावाचा एक ग्रुप काढला. नाव ठेवलं, ‘मोकळेपणानं बोला’. पहिलाच मेसेज टाकला: ‘कोणतीही शंका उघड विचारा. आम्ही काहीही लपवणार नाही.’ लिहिताना फार भारी वाटलं होतं!

लोकांनी खरंच विचारलं. ‘लस घेऊन तुरीवर फवारणी केली तर चालंल का?’ सिस्टरांचं उत्तर आलं: ‘ताप असंल तर नको. नसंल तर तोंडाला फडकं बांधून करा. आणि लस घेतली नसली तरी फडकं बांधाच.’ एका गृहस्थाचा रोज सकाळी एकच प्रश्न, ‘सिस्टर तुम्ही घेतली का?’ सिस्टर रोज सांगायच्या: ‘दोन्ही घेतल्या. पहिलीला ताप आला, दुसरीला झोप आली.’

गंमत बघा. ‘काही होत नाही’ असं मी महिनाभर ओरडत होतो तेव्हा माणूस फिरकत नव्हता. सिस्टरांनी ‘ताप येतो’ असं उघड लिहिलं आणि गर्दी वाढली!

गर्दी वाढली आणि तिसरीचा वर्ग पुरेना. खुर्च्या बारा आणि माणसं दारापर्यंत. मग मीच रुक्मिणबाईंना म्हणालो, "दहा मिनिटं बसवा आणि सोडा. आजवर कुणाला काय झालंय?" त्या बोर्डाकडं बघून म्हणाल्या, "सर, तीस लिवलंय." मी म्हणालो, "लिहिलंय मीच ना?" ही माझी मास्तरकी.

आप्पा ग्रुपमध्ये होते, पण कधी काही लिहायचे नाहीत. एके सकाळी सातला माझा मोबाईल वाजला. मेसेज आप्पांचा होता:

‘बोर्डावर तीस मिनिटे. काल मी कुंपणाबाहेरच्या टपरीवर बसून घड्याळ लावून बघितले. शेवटच्या अकरा जणांना दहा मिनिटांत सोडले. राहिलेली वीस मिनिटे कुठे गेली?’

माझ्या बापानं, माझ्याच ग्रुपवर, सगळ्या गावासमोर! कान गरम झाले. आप्पा आंघोळीला गेले होते आणि त्यांचा मोबाईल खिडकीत होता. मी तो उचलला, मेसेजवर बोट दाबलं आणि ‘सगळ्यांसाठी डिलीट’ केलं. ग्रुपवर आप्पांच्या नावाखाली एवढंच उरलं, ‘हा मेसेज डिलीट केला आहे’.

एवढं वाईट वाक्य मी आयुष्यात दुसरं वाचलेलं नाही.

‘आप्पांनी काय टाकलं होतं?’ ‘पुसायला कुणी लावलं?’ ‘म्हातारा मानूस उगं लिहीत न्हाई.’ मग एकानं लिहिलं, ‘मी अर्धा वाचला होता. शेवटच्या अकरा जणांना, असं कायतरी होतं.’

संपलं! नऊ वाजेपर्यंत शेजारच्या गावात बातमी पोहोचली की अकरा जण गेले. साडेनऊला त्या अकरातल्या एकानं बिचाऱ्यानं ग्रुपवर लिहिलं, ‘मी कालच्या अकरातला. मला काही झालं न्हाई. दूध घालून आलो.’ त्याला लगेच उत्तर, ‘तू गप बस, तुला काय माहीत!’

त्या दिवशी केंद्रावर एकही माणूस आला नाही. दहा जण जमेनात म्हणून बाटली उघडलीच नाही. सिस्टरांनी ती तशीच परत बर्फाच्या डब्यात ठेवली.

दुपारी घरी गेलो. वाटलं, आप्पा तोडून बोलतील. ते शांतपणे म्हणाले, "पोत्याच्या तळाला काय हाय ते झाकलंस. आता वरचा माल कोण घेईल?"

"आप्पा, चुकलं. पण तुम्ही लस तरी घ्या."

"लसीची शंका माझी कवाच फिटली होती. त्या वीस मिनिटांचं तेवढं उत्तर मिळालं की उद्या येनार होतो." त्यांनी मोबाईल उचलून सदऱ्याच्या खिशात ठेवला. "आता तुझी शंका यायलीय."

मी मोरीत जाऊन नळ सोडला आणि रडलो. खरं सांगतो.

*

त्या संध्याकाळी मी ग्रुपवर आप्पांचा मेसेज, जसा आठवला तसा, पुन्हा लिहिला. खाली लिहिलं: ‘हा मी पुसला. आप्पा आंघोळीला गेले असताना त्यांच्या मोबाईलवरून. दहा मिनिटांत सोडायलाही मीच सांगितलं होतं. दोन्ही चुका माझ्या. उद्यापासून तीस म्हणजे तीस. खुर्च्या कमी पडल्या तर चटया टाकू.’ रात्रीपर्यंत सगळ्यांनी वाचलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी दहाला फाटकात आप्पा. कपाळावर भस्माचे पट्टे, धुतलेला सदरा. त्यांच्यामागं थोडं अंतर ठेवून निम्मं गाव, लस घ्यायला नव्हे, बघायला. दहाचा हिशेब सिस्टरांनी त्या दिवशी केला नाही. म्हणाल्या, "आज एकासाठी उघडते. बाकीचे येतील."

आप्पांनी सिस्टरांना बाटली आपल्या डोळ्यांजवळ धरायला लावली. तारीख वाचली. उघडल्याची वेळ सिस्टरांनी लिहिली ती स्वतःच्या घड्याळाशी ताडून बघितली. सुईचं पाकीट समोर फाडायला लावलं.

"रोज असंच करता?"

"रोज," सिस्टर म्हणाल्या.

आप्पांनी बाही वर केली.

मग ते तिसरीच्या वर्गात बसले. मनगटावरचं घड्याळ काढून समोरच्या बाकावर ठेवलं. मी लॅपटॉप तसाच टाकून त्यांच्या शेजारी जाऊन बसलो. खिडक्यांना माणसं लटकलेली. दम्याचा माणूस, अडुसष्ट वय, आणि ओढून नाही तरी आणलं मीच, असं डोक्यात घुमत होतं. आप्पांनी घसा खाकरला की मी विचारत होतो, "कसं वाटतंय?"

भिंतीवरच्या घड्याळात तीस मिनिटं झाली. "झाली आप्पा, उठा."

"तुझ्या घड्याळात. माझ्यात अजून दोन हायत."

दोन मिनिटं झाल्यावर ते उठले, चप्पल घातली आणि घराकडं निघाले. खिडकीतली माणसं एकमेकांकडं बघत राहिली. मी टेबलावर येऊन बसलो. पाच मिनिटांत सगळ्यांचे मोबाईल एकदम वाजले. आप्पांचा मेसेज होता:

‘लस घेतली. तीस मिनिटे पूर्ण बसलो. मला काही झाले नाही. मास्तरला मात्र दरदरून घाम सुटला होता, हात थरथरत होता आणि कसे वाटते कसे वाटते असे त्याने मला चौदा वेळा विचारले. सिस्टर, त्याला अजून अर्धा तास बसवून ठेवा.’

मी मान वर केली. रुक्मिणबाई खुर्ची घेऊन उभ्या होत्या.