दोन बॅटऱ्या

गावात कोणाला बॅटरी घ्यायची असली, की मलकापूरला जाताना लोक मला गाडीवर मागे बसवून नेत. दुकानदाराला मी डोळ्यांसमोर नको असायचो. खोक्यावर छापलेल्या आकड्यांवर माझा काडीचा विश्वास नाही. बॅटरी हातात घेतली की मी सरळ त्याच्या मागच्या अंधाऱ्या गोडाऊनमध्ये घुसायचो आणि उजेड खरंच किती लांब जातो ते पाहून यायचो.

आम्हाला बॅटरी लागते ती जागलीसाठी. जागल म्हणजे रात्री शेताची राखण. रानडुकरं आणि रोही, म्हणजे नीलगायी, उभ्या पिकात शिरू नयेत म्हणून आम्ही माळ्यावर बसून रात्र काढतो. दुकानात चार माणसं जमली, की मी न विचारता भाषण द्यायचो. पांढरा उजेड जनावराला बुजवतो, म्हणून राखणदाराने पांढरीच घ्यावी. लाल उजेडाला जनावर सहसा दचकत नाही, आपण त्याला पाहतो आणि त्याला पत्ता लागत नाही. ज्याला लाल लागते त्याचं काम राखणीचं नसतं. एवढं बोलून मी मिशीला पीळ द्यायचा तेवढा बाकी ठेवायचो.

जागल मला शिकवली माझ्या चुलतभावानं. माझ्यापेक्षा आठ वर्षांनी मोठा. त्याला मी दादा म्हणतो. आमच्या दोघांच्या शेतांमधून एक नाला जातो. वरच्या अंगाला माझा गोठा, खाली वळणावर त्याचा माळा. आमची एक जुनी रीत होती. रात्रीतून मध्ये मध्ये एकानं बॅटरी दोनदा मिचकवायची, दुसऱ्यानं दोनदा मिचकवून उत्तर द्यायचं. याचा अर्थ, मी जागा आहे, सगळं ठीक आहे. मग कधीतरी मी बांधाबांधानं त्याच्याकडे चहाला जायचो. तीस वर्षांत त्या दोन मिचकावण्या खोट्या ठरल्या नव्हत्या.

दोन वर्षांपूर्वी आमच्या शिवारात बिबट आली. मादी होती. वनरक्षक बाईंनी नाल्यातल्या मातीतले ठसे पाहून सांगितलं. त्या माझ्या मुलीच्या वयाच्या. त्यांनी मारुतीच्या देवळापुढे सगळ्यांना बसवून नियम समजावले. एकटं फिरू नका, मोठ्यानं बोलत चला, गोठ्यावर उजेड ठेवा, जनावर मारलं गेलं तर हात न लावता आम्हाला कळवा. आणि मग म्हणाल्या, "शिकार म्हणजे फक्त जीव घेणं नाही. आमिष ठेवणं, फास लावणं, तिला हाकून कुठं नेणं, ही पण कायद्यानं शिकारच आहे."

मी उठून हे सगळं पुन्हा आपल्या बोलीत सांगितलं, कारण सांगायला मिळालं की मला राहवत नाही. आणि त्या भरात सगळ्यांसमोर बाईंना शब्द दिला, "या शिवारात तिले कोणी हात लावणार नाही. जबाबदारी माही." दादा पहिल्या ओळीत होता. सगळ्यात आधी मान त्यानंच हलवली.

पंधरा दिवसांनी तिनं दादाचा गोऱ्हा मारला. शिंगं फुटू लागलेला, दादाच्या हाकेला धावत येणारा गोऱ्हा. पंचनामा झाला, कागद झाले. दादा एक शब्द बोलला नाही. मला वाटलं, समजूतदार माणूस आहे. मी त्याचं कौतुकही चार ठिकाणी केलं.

पुढच्या बाजाराच्या दिवशी तो म्हणाला, "चाल, मलकापूरले जाऊ. बॅटरी घ्याची हाय."

दुकानात मी त्याच्यासाठी लांब पल्ल्याची पांढरी काढली. त्यानं ती बाजूला सारली.

"मोतीबिंदू काढला तवापासून पांढरा उजेड डोळ्यात खुपते बे. मले लाल पाह्य."

त्याचं ऑपरेशन झालं होतं हे खरं. मी दुकानदाराला लाल काढायला लावली. पांढरी मी माझ्यासाठी घेतली, म्हटलं जुनी आता मंद झालीच आहे. येताना दादानं मला रसवंतीवर रस पाजला. मला तो रस अजून आठवतो आणि आठवला की तोंड कडू होतं.

त्या आठवड्यात आमच्या शेतांना रात्रीची लाइन, म्हणजे पंपाची वीज, होती. संध्याकाळी दादा माझ्या गोठ्यावर आला. बिबट मक्यात बसलेली त्यानं पाहिली होती म्हणे.

"तुह्या शेळ्याइकडं येईन ती. तू गोठ्यापासून बांधानं चालत राह्य, बाभळीलोक. उजेड मक्यावर मार. खाली मी हायच."

"आणि चहा?"

"आज चहाले येऊ नको. मीच येतो तुह्याकडं. तू खाली उतरू नको, नाल्यात साप निंगाले."

जानेवारीच्या थंडीत साप. मी हसलोसुद्धा नाही. मला उलट बरं वाटलं, की माझ्या शेळ्यांची काळजी याला माझ्याहून जास्त.

मी त्या रात्री फार इमानदारीनं काम केलं. गोठ्यापासून बाभळीपर्यंत, बाभळीपासून गोठ्यापर्यंत, नवीन बॅटरीचा उजेड मक्यावर फिरवत, मोठ्यानं खोकत, स्वतःशीच बोलत. एकटं फिरू नका एवढं सोडलं, तर नियमात सांगितलं होतं तसंच. एकदा मक्यात खसखस झाली आणि ती खसखस नाल्याच्या खालच्या अंगाला सरकत गेली. मी खूश झालो. गेली बाई, म्हटलं, शेळ्या वाचल्या. थोड्या वेळानं दादाच्या पंपाच्या खोलीवरचा दिवा एकदम मंद झाला आणि परत लागला. लाइनीचं हे नेहमीचंच, म्हणून मी लक्ष दिलं नाही.

मग खालून लाल उजेड दोनदा मिचकला. सगळं ठीक आहे.

मीही दोनदा मिचकवून उत्तर दिलं.

सकाळी ती नाल्याच्या वळणावर पडलेली होती. वीज सोडलेली तार काढून घेतली होती, पण पुढच्या पायावर जळल्याची काळी रेघ होती आणि जवळच्या ओल्या मातीत खुंट्यांची ताजी भोकं होती. मी आधी तिच्याकडे पाहिलं आणि मग वर, माझ्या बाभळीकडे. बांधावर माझ्या चपलांचे ठसे किती सरळ उमटले होते.

वनरक्षक बाई आल्या. गर्दी मागे हटवून त्यांनी मला विचारलं, "काका, रात्री तुम्ही कुठं होता?"

मी दाखवू लागलो. इथून इथपर्यंत चाललो, उजेड असा मारला, मग ती अशी खाली गेली. हात वळणाकडे गेला आणि तिथेच राहिला. हाकून नेणं, या शब्दाचा अर्थ मीच गावाला बोलीत समजावून सांगितला होता. तीस वर्षं ज्याच्या उजेडाच्या भरवशावर मी डोळा मिटला, त्यानं मला जनावर हाकून देणारा हाकाऱ्या केलं होतं.

मी सगळं सांगितलं. लाल बॅटरी, साप, चहा, सगळं. त्या लिहीत होत्या. लिहून झाल्यावर त्यांनी सही करायला कागद पुढे केला, पण माझ्याकडे पाहिलं नाही. मी दिलेल्या शब्दाबद्दल त्या काहीच बोलल्या नाहीत. बोलल्या असत्या तर बरं झालं असतं.

आता भाऊबंदांत मी फितूर आहे. वहिनी रस्त्यात भेटली तर पदर ओढून पलीकडून जाते. दादा जामिनावर सुटून आला, त्याच्या केसच्या तारखा चालू आहेत. मला म्हणतात, सख्ख्यासारख्या भावाला गजाआड घालायला निघाला. आणि त्यानं माझ्याशी जे केलं ते? त्याचं नाव कोणी घेत नाही. त्यानं चहाला येऊ नको म्हटलं म्हणून मी त्या तारेवर गेलो नाही, एवढं मात्र त्यानं सांभाळलं होतं. हे आठवलं की राग जास्तच येतो.

अटक करून त्याला जीपमध्ये बसवत होते तेव्हा मी त्याच्याजवळ गेलो होतो. "दादा, मले काऊन फसवलं?"

तो चिडला नाही. मान खाली घालून अगदी घरच्यासारखा बोलला. "तुले तं माहीत होतं ना बे. लाल बॅटरी कायले लागते, हे दुकानात तूच सांगतं सगळ्याले."

मी म्हटलं, तू डोळ्यांचं सांगितलं होतं. जीप गेली.

ऑपरेशनचा काळा चष्मा त्यानं त्या बाजाराच्या आधी कधीच सोडून दिला होता. भर दुपारी देवळापुढे उघड्या डोळ्यांनी बसून तो पेपर वाचायचा. मी शेजारीच बसलेला असायचो. दादानं मला फसवलं, आणि त्याचा राग मी मरेपर्यंत सोडणार नाही. पण त्या दिवशी दुकानात ती लाल बॅटरी घेऊन अंधाऱ्या गोडाऊनमध्ये मीच गेलो होतो. उजेड लांब जातो, म्हणालो होतो, हीच घे.