ड्रम सगळ्यांसाठी

आमच्या युनियनच्या ऑफिसात पुरुष ठराव करायचे आणि बायका चहा. मी ठराववाल्यांच्या सतरंजीवर बसायचो.

घरच्यांनी मला मुलगी म्हणून वाढवलं. शाळेचा फ्रॉक सुटला तशी मी शर्ट-पँट चढवली ती कायमची. 'आलो-गेलो' म्हणायची सवय लहानपणापासूनची. आईने त्यासाठी फटके दिले, बापाने नाद सोडला. वाशीच्या आमच्या नव्या सोसायटीत मी जिना उतरताना दिसलो की शेजारच्या काकू पोरांना आत ओढायच्या, जसा काही मला गोवर झालाय. मी बाई नाही एवढं मला पक्कं कळत होतं. बाप्या आहे का, हे कुणी दरडावून विचारलं असतं तर मात्र छाती ठोकून सांगता आलं नसतं. पण दुसऱ्याच्या सोयीसाठी मी यातलं काहीही होणार नव्हतो.

युनियनने मला पहिल्याच दिवशी 'भाऊ' म्हटलं, तेही पोस्टर चिकटवायची खळीची बादली हातात देताना. मी खूश. पावणे एमआयडीसीतल्या कारखान्यांच्या भिंती मी रंगवल्या, पत्रकं लिहिली, गेटवर घसा फोडला.

आमची लढायची एक रीत होती. एखाद्या साहेबाने कामगाराला छळलं, की शिफ्ट सुटायच्या वेळी गेटसमोर रिकामा ड्रम उपडा घालायचा. तक्रार करणारा ड्रमवर, साहेब खाली. साहेबाने मान वर करून ऐकायचं आणि तिथेच उत्तर द्यायचं. केबिनमध्ये नाही, दाराआड नाही. आमचे सरचिटणीस म्हणायचे, "ज्याच्या हातात दुसऱ्याची भाकरी, त्याने चारचौघांत जबाब द्यायचा." मला हे वाक्य इतकं आवडायचं की प्रत्येक पत्रकात ते यायचंच.

आणि एक दिवस पॅकिंगमधली एक पोरगी मला बसस्टॉपवर गाठून उभी राहिली. खाडीकाठच्या गावातली. जिथे तिच्या बापाची भातशेती होती तिथे आता कारखाने होते. कंपनीने तिला कामावरून बंद केलं होतं आणि तिला परत घ्यावं म्हणून कंपनीशी बोलणार होते आमचे सरचिटणीस.

"भाऊ, तुमचा सरचिटणीस मना काय बोलला ठाव हाय? परत कामाव यायचं आसंल तं दुपारची एकटी ऑफिसान ये. मी गेली. त्यानं दरवाजा लावला न् हात धरला. मी चावली न् पलाली."

"चावलीस?"

"मंग काय पाया पडू?"

त्याच आठवड्यात मी कमिटीत विषय काढला. सरचिटणीस समोरच बसले होते, मनगटावर पट्टी. कुणी ती पट्टी पाहिली नाही. म्हणजे पाहिली सगळ्यांनी.

अध्यक्ष म्हणाले, "हा बायकांचा विषय आहे. महिला आघाडीकडे द्या."

महिला आघाडी म्हणजे आत स्टोव्हपाशी बसलेल्या बायका. "त्यांना ठराव करायचा अधिकार कधी दिला आपण?" मी विचारलं.

"मग असं करा ताई, कमिटीत तुम्हीच एकट्या बाई. तुम्ही तिला समजवा आणि इथे सांगा की गैरसमज झाला होता."

ताई! कोण आलं म्हणून मी मागे वळून पाहिलं.

सरचिटणीस हसले. खजिनदार म्हणाला, "आणि बाई नाही म्हणतोस, तर बायकांच्या भानगडीत पडतोस कशाला?"

दोन्ही वाक्यं एकाच सतरंजीवरून, एकाच चहाच्या घोटात. शिडीवर चढून पोस्टर लावायचं तेव्हा मी भाऊ. यांचं पाप झाकायला पदर हवा तेव्हा ताई. मी कोण, हा प्रश्न त्यांना कधी पडलाच नव्हता. आपल्याला आज काय लागतंय, एवढंच ते बघत होते. जातीत हेच चालतं, कारखान्यात हेच चालतं. त्याविरुद्धची पत्रकं मीच लिहिली होती, आणि ती यांनीच वाटली होती.

"गैरसमज आहे का नाही, ते ड्रमवर कळेल," मी म्हणालो.

"ड्रम साहेबलोकांसाठी आहे!"

"तिची भाकरी तुमच्या हातात आहे ना? मग तुम्ही साहेबच."

आतून स्टोव्हची फुरफूर थांबली. आघाडीतल्या एक मावशी दारात आल्या. "चहा बंद," त्या म्हणाल्या. "आधी गेटवर चला."

शिफ्ट सुटायच्या वेळी बायका सरचिटणिसांना घेरून गेटवर घेऊन आल्या, पोरगीही आली. ड्रम मी उपडा घातला. "मी येऊ वर?" पोरीला विचारलं.

"बाई म्हनून येशील का बाप्या म्हनून?"

"आहे तसा."

ती हसली. "मंग खालीच ऱ्हा. बोलाला मना तोंड हाय. तू फकस्त त्याला जाव नको देऊ."

ती चढली आणि दरवाजापासून चावण्यापर्यंत सगळं बोलली. कुणी शिट्टी मारली. कुणी ओरडलं, "युनियन फुटेल, कंपनी हसेल!" सरचिटणीस स्कूटरकडे वळले. मी आडवा आलो.

"बाजूला हो, बाई."

"उत्तर द्या, मग जा."

ही आमचीच घोषणा. मावशींनी ती उचलली, मग बाकीच्या बायकांनी, मग पॅकिंगच्या पुरुषांनी. सरचिटणिसांनी शेवटी मान वर केली. "मी तिला मदतच करत होतो."

"दरवाजा लावून?" ड्रमवरून आवाज आला.

त्यांनी मनगटावरची पट्टी बाहीखाली सरकवली.

नंतर अध्यक्षांनी मला सांगितलं, पत्रक लिहा, 'प्रकृतीच्या कारणास्तव सरचिटणीस पद सोडत आहेत.' मी गेटवर जे घडलं ते लिहिलं. ते छापायला त्यांनी नकार दिला, तेव्हा मी ते मोठ्या अक्षरांत कागदावर उतरवून कारखान्याच्या भिंतीवर चिकटवलं. खळ बनवायची त्यांनीच शिकवली होती. कंपनीशी बोलायला मावशी आणि आणखी दोघी गेल्या. पोरगी पॅकिंगला परत लागली.

पुढच्या बैठकीला अध्यक्षांनी घसा खाकरला. "तुम्हाला नक्की काय म्हणायचं आता? भाऊ की ताई?"

"विषय घ्या पुढचा," मी म्हणालो.

तेवढ्यात ती पोरगी आत आली, मागून मावशी. कुणी बोलावलं नव्हतं. तिने सतरंजीवर माझ्या शेजारी जागा पाहिली आणि कोपराने ढोसलं.

"भाऊ, जरा सरक."

मी सरकलो. त्या दिवशी कुणालाच चहा मिळाला नाही.