बोंबलांच्या ओळीत टांगलेला फोन

नवस बोललो तेव्हा देवीवर माझी पूर्ण श्रद्धा होती, असं म्हटलं तर ते खोटं ठरेल. देवाधर्माचं सगळं वासंती बघते आणि वायरी, नळ, पंखे मी बघतो, अशी आमची लग्नापासूनची वाटणी. तारापूरच्या एका कारखान्यात मीटर आणि यंत्रं दुरुस्त करण्यात माझं नोकरीचं सगळं आयुष्य गेलं. बिघाड कुठे आहे ते शोधायचं, सुटा भाग बदलायचा, यंत्र सुरू करायचं. बायकोच्या बाबतीत मात्र माझी ही विद्या काही चालेना. न्हाणीघरात ती घसरली, खुब्याचं हाड मोडलं, ऑपरेशन झालं. हाड छान जुळलं असं डॉक्टर म्हणाले. व्यायाम शिकवायला येणाऱ्या बाई म्हणाल्या, आता फक्त भीती उरली आहे, ती गेली की या चालतील. पण चार महिने झाले तरी कुणी दंड धरल्याशिवाय वासंती खाटेवरून पाय खाली टेकवेना. वॉकर उशापाशी उभाच. भीतीला कुठे स्क्रू असतो का, की मी तो काढून बघावा?

सांगलीला गावी परतण्याआधी आम्ही तीसेक वर्षं बोईसरजवळ सरावलीत राहिलो. तेव्हा दर चैत्रात डहाणूच्या महालक्ष्मीला जायचो. डोंगर चढू न शकणाऱ्या एका भक्तिणीसाठी देवी स्वतः पायथ्याशी उतरली, असं तिथे सांगतात. एका दुपारी वासंती झोपेत कण्हत होती आणि मला ती गोष्ट आठवली. मनात म्हणालो, आई, हिला हिच्या पायांवर उभी कर, मी सायकलने तुझ्या पायथ्याशी येतो. निवृत्तीनंतर सायकलवर बाडबिस्तरा लादून फिरायचं वेड मला लागलंच होतं. वासंतीला सांगितलं तर ती म्हणाली, "नवस आगाऊ फेडणारे तुम्ही पहिलेच. पण जा. तुमचं घरभर घिरट्या घालणं बघवत नाही." तिची भाची सकाळ-संध्याकाळ येऊन राहायला तयार झाली. दुपारचे चार-पाच तास तेवढे वासंती एकटी.

त्या एकटेपणावर तोडगा म्हणून मी माझ्या फोनवरून तिला माझं ठिकाण दिसेल अशी सोय करून दिली. तिच्या फोनमध्ये नकाशा आणि त्यावर सरकणारा एक निळा ठिपका. तो ठिपका म्हणजे मी. तो दिवसभर हलता ठेवायचा तर माझा फोन दिवसभर जागा हवा, आणि नकाशा चालू ठेवला की फोनची बॅटरी दुपारपर्यंतच संपते. मग मी माझ्या स्वभावाप्रमाणे कामाला लागलो. पुढच्या चाकात डायनामो बसवला, मागच्या पिशवीवर सौर पॅनेल बांधलं, शिवाय दोन मोठ्या पॉवर बँका. डायनामो चांगला, पण चढावर चाल मंदावली की वीज द्यायचं बंद करतो. म्हणून त्याची वीज आधी पॉवर बँकेत साठवायची आणि तिथून फोनला द्यायची, अशी जोडणी केली. कुणाच्या धाब्यावर प्लग मागायचा नाही, कुणापुढे हात पसरायचा नाही, याचा मला फार अभिमान होता. वाटेत कुणी जपाची माळ ओढत असेल, मी टक्के मोजत होतो. बहात्तर टक्के, अडुसष्ट टक्के, चढ संपला, पुन्हा सत्तर.

आंबा घाट उतरून समुद्र गाठला आणि किनाऱ्याकिनाऱ्याने वर निघालो. वासंती माझ्यापेक्षा जास्त प्रवास करत होती. "आज ठिपका दोन तास एका वळणावर अडकला होता, पंक्चर ना?" असं संध्याकाळी फोनवर विचारायची आणि ते बरोबर असायचं. नकाशा उघडा ठेवल्याने तिचाही फोन तापायचा, तो सतत चार्जरला लावलेला, आणि वायर छोटी म्हणून ती खाटेच्या कडेला, प्लगपाशी. भाचीने मला हे कौतुकाने सांगितलं आणि मीही कौतुकानेच ऐकलं. आज चाललीस का, असं मी रोज विचारायचो. ती म्हणायची, "तुम्ही आधी पोहोचा तर खरं." मला ती तिची श्रद्धा वाटायची. थोडा रागही यायचा, पण तो मी गिळून टाकायचो.

बाराव्या दिवशी सकाळी माकुणसारहून निघालो. केळवे-माहीम मागे पडलं. हा सगळा ओळखीचा मुलूख, वाडीवाडीच्या पानवेली आणि केळी, आणि उत्तरेचा कोरडा वारा तोंडावर. सातपाटीहून खाडी ओलांडून मुरब्याला जायला होडी धरली. सायकल आडवी घातली, फोन हँडलवर तसाच राहू दिला, चार्जिंगची वायर त्यात तशीच. मध्यावर एक मोठी बोट बाजूने गेली, तिच्या लाटेचं पाणी आत आलं आणि सायकलवरून ओघळलं. फोन पाण्याला दाद देणारा नव्हता, पण वायर खुपसायच्या भोकात, वायरीच्या तोंडाशी, खारं पाणी शिरलं आणि त्यातून वीज वाहत होती. फोनने ओलाव्याची सूचना दाखवून चार्जिंग बंद केलं. मी वायर काढली, पुसली, फुंकर मारली, पुन्हा लावली. पुन्हा तीच सूचना. मुरब्याच्या काठावर उतरून मी अर्धा तास हाच उद्योग केला. पिशवीत दोन भरलेल्या पॉवर बँका, डोक्यावर रणरणतं ऊन, चाकात डायनामो, आणि फोन यातलं काहीच घ्यायला तयार नाही. आधी सकाळपासून नकाशाने खाल्लेली बॅटरी, त्यात मी फोन चार वेळा बंद-चालू केला. त्यातच तो मिटला. त्याआधी वासंतीला दोन शब्द कळवता आले असते, ते मला सुचलं नाही. आधी दुरुस्त करू, मग सांगू, ही जन्माची खोड.

आता सांगलीत तो ठिपका पाण्याच्या कडेला थांबला असणार आणि वासंती एकटी खाटेवर बसून त्याच्याकडे बघत असणार. भाची येणार पाच वाजता. मी वाळूत मटकन बसलो.

जवळच बांबूंच्या उंच मांडवावर दोऱ्या ताणून त्यांवर बोंबील सुकत घातले होते. एक वयस्कर बाई टोपलीतून दोन-दोन बोंबील उचलून त्यांचे जबडे एकमेकांत अडकवायची आणि ती जोडी दोरीवर टाकायची. तिने माझा सगळा तमाशा पाहिला होता. हातातलं काम न थांबवता म्हणाली, "काय झालं, दादा? फोन भिजला का? घरी कोण हाय?"

मी सांगितलं. तिने कमरेचा बटणांचा फोन काढून दिला. वासंतीचा नंबर मला पाठ होता, नशीब. तीनदा लावला, पूर्ण वाजून बंद पडला. तेव्हा आठवलं, अनोळखी नंबर उचलायचा नाही, त्यावरून आलेला मेसेज उघडायचा नाही, हा नियम मीच घातलेला. फसवणुकीच्या बातम्या वाचून वाचून तिच्याकडून तो घोकून घेतला होता. भाचीचा किंवा शेजाऱ्यांचा नंबर पाठ नाही. माझं सिम त्या फोनात घालून पाहिलं, तर आकारच वेगळा. मी उठलो, म्हटलं बोईसरला दुकानात जातो, तिथे कुणीतरी गरम हवेने सुकवून देईल.

"खारं पाणी हाय ते," बाई म्हणाली. "वरून सुकल्यासारं दिसल, आत वलंच रातं. आदी गोड्या पाण्यानं धुवा, मग वाऱ्याला टांगा. उन्हात नाय ठेवायचा. तापला तर गेला."

तीस-पस्तीस वर्षं नाजूक मीटर हाताळलेल्या माणसाला ती फोन पाण्याने धुवायला सांगत होती. पण ती म्हणत होती ते खरं होतं. मीठ हवेतलं पाणी ओढतं आणि वीज वाहू देतं, हे मी नव्या पोरांना शिकवलेलं. घाबरलेल्या माणसाचं शिकलेलं आधी पळून जातं. मी फोन तिच्या हातात दिला. माझं कुठलंही यंत्र मी असं दुसऱ्याच्या हातात पूर्वी दिल्याचं आठवत नाही. तिने तांब्यातून बारीक धार धरली, दोनदा झटकला, जाळीच्या एका तुकड्यात बांधला आणि मांडवाच्या सावलीतल्या बाजूला, बोंबलांच्या ओळीत, वायरीचं तोंड खाली करून टांगला.

"किती वेळ लागेल, मावशी?"

"वाऱ्याला इचारा," ती म्हणाली. "आमी रोज बसतोच ना. तुमी बी बसा. नायतर ये टोपलीतले लावा."

नुसतं बसणं मला जमलंच नसतं, म्हणून मी बोंबील लावू लागलो. ओले, गुळगुळीत, हातातून निसटणारे. पहिल्या दहा जोड्या वाळूत पडल्या. ती त्या धुऊन पुन्हा टोपलीत टाकायची. सुरुवातीला मी दर दोन मिनिटांनी फोनकडे बघत होतो. एकदा उठून हात लावायला गेलो तर ती म्हणाली, "सारका हात लावून कायपण सुकत नाय." मग मी परत आलो. एक जोडी, दुसरी जोडी. केव्हातरी माझ्या लक्षात आलं की मी प्रत्येक जोडीबरोबर देवीचं नाव घेतोय. बारा दिवस देवीकडे चाललो होतो आणि नाव पहिल्यांदा आत्ता तोंडात आलं होतं. मी मनात म्हणालो, आई, माझ्याकडची सगळी साधनं संपली. वासंतीपाशी आता मी नाही, ठिपकाही नाही. तूच जा. एवढं म्हणालो आणि पुढची जोडी दोरीवर टाकली. पुढे मला काही मागावंसं वाटलं नाही. वारा वाहत होता, बोंबील हलत होते, त्यांच्यात माझा फोनही हलत होता.

साधारण तीन तासांनी मावशीनेच जाळी सोडली, वायरीच्या तोंडात फुंकर मारली, फोन गालाला लावून पाहिला आणि माझ्या हातात दिला. मी पॉवर बँकेची वायर लावली. सूचना आली नाही. बॅटरीचं चित्र उमटलं. पाच मिनिटांनी फोन सुरू झाला आणि मी वासंतीला लावला. पहिल्याच घंटेला तिने उचलला.

"कुठे आहात?"

"मुरब्याला. फोन भिजला होता. मी ठीक आहे, अगदी ठीक."

ती थोडा वेळ रडली. मग म्हणाली, "पहिला अर्धा-पाऊण तास मला वाटलं, मुरब्याला थांबलेत म्हणजे बोंबील घेत असतील. मग तुमचा फोन लागेना आणि अनोळखी नंबरावरून तीनदा फोन आला. उचलायचं धाडसच होईना. वाटलं, पोलीस असतील, नाहीतर दवाखाना. मी नुसती त्या नकाशाकडे बघत राहिले. मग बघवेना. फोनची वायर काढली आणि म्हटलं, निदान दिवा तरी लावू."

"भाची आली का?"

"नाही अजून."

"मग बोलतेस कुठून?"

"देवघरातून."

आमचं देवघर स्वयंपाकघराच्या पलीकडच्या कोपऱ्यात आहे. खाटेपासून मधली खोली ओलांडून जावं लागतं.

"वॉकर?"

"खाटेपाशीच राहिला वाटतं," ती म्हणाली, आणि तिच्या आवाजावरून मला कळलं की हे तिच्याही लक्षात आत्ताच येत होतं. "अहो, मी भिंत धरून आले. दिवा लावला. तासभर इथेच बसलेय."

मावशीने विचारलं, "लागला का फोन?" मी मान हलवली. माझं तोंड बघून ती घाबरली, म्हणून मी तिला सगळं सांगितलं. ती उठली, समुद्राकडे तोंड करून हात जोडले आणि पुन्हा टोपलीपाशी बसली. निघताना तिने सुक्या बोंबलांचं एक पुडकं माझ्या पिशवीत कोंबलं. मी नको म्हणालो तर म्हणाली, "बाई चालाया लागली ना, मग खाऊ दे की."

त्या संध्याकाळी वासंतीने मला ठिपका बंद करायला सांगितलं. रोज एकदा आवाज ऐकवा, बास, म्हणाली. बोईसरला मुक्काम करून दुसऱ्या दिवशी डहाणूला पोहोचलो. पायथ्याच्या देवळात गर्दी नव्हती. मागायचं काही उरलं नव्हतं, म्हणून बराच वेळ नुसता उभा राहिलो. जो ठिपका हलता ठेवायला मी बारा दिवस वीज जिवापाड जपली, त्यानेच वासंतीला प्लगपाशी बसवून ठेवलं होतं का? कुणी म्हणेल भीतीने चालली, कुणी म्हणेल खाऱ्या पाण्याने घडवलं. मी त्यांच्याशी वाद घालणार नाही. मला एवढंच ठाऊक आहे की माझं सगळं चालू होतं तोवर ती बसून होती, आणि माझ्या हातून सगळं सुटलं त्या दुपारी ती उठली. माझ्यासारख्या माणसाला हात आवरायला शिकवायचं तर देवीला एवढी खटपट करावीच लागली असणार. त्या मावशीचं नाव मी विचारलं नाही. रोज दिवा लावताना तिलाही नमस्कार करतो.

सांगलीला बसने परतलो. किल्ली माझ्याकडे होती, तरी मी बेल वाजवली. आतून काही आवाज आला नाही. मग भिंतीवरून हात घासत येण्याचा आवाज आला, थांबला, पुन्हा आला. मी किल्ली खिशातच ठेवली. दार वासंतीने उघडलं. "बोंबील आणलेत?" तिने विचारलं. मी पुडकं पुढे केलं. "राहू द्या तुमच्याकडेच, माझा हात भिंतीला लागतो," ती म्हणाली आणि वळून आत चालू लागली. मी तिच्या मागून, तिच्याच चालीने, आत गेलो.